पोरगी चष्म्याचं दुकान टाकन का?

(पोस्ट मोठी आहे. घरात बारावी-बीएस्सीचं लेकरू असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर पुढं सरका, राग नाही.)

दसऱ्याच्या संध्याकाळी भाऊजी सोनं द्यायला आले. दरवर्षी येतात, आपट्याची पानं हातात देतात, चहा घेतात आणि सात वाजायच्या आत गाडीला किक मारतात. यंदा बसूनच राहिले. सोयाबीन पावसानं नेलं, कपाशीची बोंडं काळी पडली, ते सगळं बोलून झालं तरी उठेनात. मग म्हणाले, "तू पत्रकार हायेस, तुले माहीत असंन. हे ऑप्टिक्स म्हणजे काय असते? पोरगी त्याच्यातच पुढं शिकतो म्हणून राह्यली. एवढी एमएस्सी करून चष्म्याचं दुकान टाकन का?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

भाची फिजिक्समध्ये एमएस्सी करते आहे, शेवटचं वर्ष. मारेगाव तालुक्यातल्या तिच्या गावातून एमएस्सीपर्यंत गेलेली ती पहिलीच मुलगी. भाऊजींच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. नागपूरच्या एका एजंटानं दिलेला. परदेशात 'ऑप्टिकल सायन्स'मध्ये मास्टर्स, दोन वर्षं, खर्च ४० लाखांच्या आसपास, बँकेचं कर्ज आम्ही करून देऊ, तारण म्हणून शेती चालेल. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की नोकरी नक्की. भाऊजींकडे ओलिताची साडेतीन एकर आहे. बाकीची कोरडवाहू कोण धरतो तारण?

त्यांना वाटत होतं मी पाच मिनिटांत सांगून टाकीन. मला खरंच काही माहीत नव्हतं. आणि हे लिहिताना लाज वाटते, कारण वीस वर्षं झाली, दर जून महिन्यात मी 'करिअर विशेष' पान लावतो. त्या पानावर काय असतं ते आम्हालाच माहीत. क्लासवाले जाहिरात देतात, सोबत मजकूरही तेच देतात. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, इंजिनिअरिंग, फार्मसी, एमपीएससी. मी काना-मात्रा तपासतो आणि पान सोडतो. आमच्या पानावर विश्वास ठेवून कोणाकोणाच्या बापानं काय विकलं असेल, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आला. मग पुढचे दहा-बारा दिवस तेवढंच केलं. फोन लावले, वाचलं, जुन्या ओळखीच्या प्राध्यापकांना त्रास दिला. जे कळलं ते इथं लिहितो.

पण आधी माझं थोडं ऐका. मीही फिजिक्सचाच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ऑप्टिक्सचा पेपर होता. कॉलेजचं नाव घेत नाही, त्यात फार काही वेगळं नव्हतं, सगळीकडे तेच होतं. प्रॅक्टिकलला एका अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा. बटण दाबलं की आधी गुलाबी-लालसर पेटायचा, मग हळूहळू, दहाएक मिनिटांत, हळदीसारखा पिवळा व्हायचा. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं मेल्यासारखी दिसायची आणि आम्ही एकमेकांना हसायचो. त्या दिव्याखाली भिंग ठेवून न्यूटनची कडी मोजायची. मायक्रोस्कोपमधून पाहिलं की काळी-पिवळी वर्तुळं, एकात एक, विहिरीत खडा टाकल्यासारखी. ती मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची, ५८९३ अँगस्ट्रॉम. म्हणजे केसाच्या जाडीचाही शंभरावा-सव्वाशेवा भाग, आणि तो मी, मारेगावचा एक पोरगा, मोजतो आहे! मला ते फार आवडलं होतं. पण दिवा एकच, बॅचेस चार आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा दहा मिनिटं. बहुतेकांनी सिनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली. पुढं मीही उतरवली. लेसरची नळी होती, ती कपाटात कुलपात. फुटेल म्हणून. तीन वर्षांत ती पेटलेली मी पाहिली नाही. नंतर पत्रकारितेचा डिप्लोमा केला, वार्ताहर झालो, ते सगळं मागं पडलं.

भाचीला विचारलं, तुमच्याकडे कसं आहे? म्हणाली, "मामा, दिवे दोन झाले. लेसर कपाटातच हाय."

तर तिला हे वेड लागलं कुठून? मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका संस्थेच्या शिबिराला ती गेली होती. तिथं तिला मायकेलसनचा इंटरफेरोमीटर स्वतःच्या हातानं जुळवायला दिला. एक किरण दोन वाटांनी पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही एकमेकांवर टाकले की पट्टे दिसतात. आरसा केसभरही हलला तरी पट्टे पळतात. तिला जुळवायला पूर्ण दिवस लागला. टेबलाला कोणी धक्का दिला की सगळं गेलं. संध्याकाळी पट्टे दिसले तेव्हा ती रडली म्हणे. हे तिनं मला सांगितलं, आईबापाला सांगितलं नाही. त्यांना काय कळणार, असं तिला वाटलं.

आता हिंगोलीची गोष्ट. हिंगोली जिल्हा आपल्या यवतमाळला खेटून. औंढा नागनाथला आपल्याकडचे लोक दर्शनाला जातात, पण त्याच तालुक्यात दुधाळा परिसरात काय होतं आहे हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नाही. तिथं 'लिगो-इंडिया' उभं राहतं आहे. गुरुत्वीय लहरी मोजण्याची वेधशाळा. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन लिगो वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा पकडली, ११ फेब्रुवारी २०१६ला जगाला सांगितलं आणि आठवड्याच्या आत केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. मग सात वर्षं फायली फिरल्या. एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली, मे महिन्यात पंतप्रधानांनी दिल्लीतून भूमिपूजन केलं. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग मिळून हे करताहेत.

आणि ते यंत्र म्हणजे काय? भाचीनं टेबलावर जुळवला तोच मायकेलसनचा इंटरफेरोमीटर. फक्त त्याचा एकेक हात ४ किलोमीटर लांब. हवा काढून टाकलेल्या नळीतून लेसर जातो, ४० किलोच्या काचेच्या आरशावर आपटून परत येतो आणि प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही हजारो पटींनी कमी फरक पकडतो. हे ऐकून भाऊजी म्हणाले, "आन् कापसाचा काटा आमचा अजून बरोबर नाही." बरोबर बोलले. दोन्ही मोजमापंच आहेत.

त्या आरशांना, लेसरला, पोकळीतल्या नळ्यांना सांभाळणारी माणसं कोण असतील? हा माझा पत्रकार म्हणून प्रश्न आहे. जमीन आपल्या भागातली. आपल्या पोरांना तिथं वॉचमन, ड्रायव्हर, कँटीन एवढंच मिळणार असेल तर त्याचं कारण दिल्लीत नाही, आपल्या कॉलेजच्या कुलूप लावलेल्या कपाटात आहे. आयुकाची मंडळी शाळा-कॉलेजांत जाऊन कार्यक्रम करतात, हे चांगलंच. पण तासाभराच्या स्लाइड शोनं हाताला सवय लागत नाही. अमरावती आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या हद्दीत मिळून दहा-बारा कॉलेजांत तरी नीट चालणारी ऑप्टिक्सची प्रयोगशाळा हवी. २६०० कोटींपुढं तो खर्च किती? इथल्या आमदार-खासदारांना मी हे विचारणार आहे, तुम्हीही विचारा.

बारामतीत १९३८ साली एक मुलगा जन्मला. चंद्रकुमार नारणभाई पटेल. राजकारणाखेरीज बारामतीचं नाव घेताना हे नाव कोणी घेत नाही, त्याचं मला नवल वाटतं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ला टेलिकम्युनिकेशनची पदवी, मग अमेरिकेत स्टॅनफर्ड, १९६१ला पीएचडी, आणि बेल लॅब्समध्ये नोकरी. तिथं त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर बनवला, १९६४चा सुमार. त्याचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण पोलाद कापतो, शस्त्रक्रियेत मांस कापतो. १९९६ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून त्यांना तिथला विज्ञानातला सर्वोच्च सन्मान मिळाला. आता वणीला किंवा पांढरकवड्याला नेमप्लेटच्या दुकानात जा. अ‍ॅक्रिलिकवर दादांचं, भाऊंचं नाव कापणारं यंत्र बहुतेक ठिकाणी याच जातीच्या लेसरवर चालतं. आतली काचेची नळी चीनमधून येते. शोध बारामतीत जन्मलेल्या माणसाचा, नळी चीनची, आणि आपण त्यावर 'भावी आमदार' कापतो!

प्रकाशाची नोकरी म्हणजे चष्मा नव्हे, हे भाऊजींना मी या दुकानावरूनच समजावलं. आणि केबलवरून. आपल्या रोडच्या कडेला फायबर टाकणारी पोरं पाहिली असतील. केसासारखी काचेची तार साफ करून, यंत्रात धरून, वितळवून जोडतात. ते आयटीआय, डिप्लोमावाले. ती तार बनवण्याचा मोठा कारखाना संभाजीनगरला आहे, स्टरलाइटचा. तिथल्या भट्टीत काच ओढली जाते, त्यामागं अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ असतात. डोळ्याचं ऑपरेशन लेसरनं होतं. सुरतेत हिरा लेसरनं कापतात. मोबाइलच्या चिपवरच्या रेषाही प्रकाशानंच काढतात. त्यातली सगळ्यात बारीक कामं करणारी यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि त्यांचे आरसे जर्मनीची झाइस करते. (डोळे तपासण्याचं शिक्षण ते वेगळं, त्याला ऑप्टोमेट्री म्हणतात, बारावीनंतर चार वर्षं. तेही वाईट नाही. आपल्याकडे चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून रडणाऱ्या बाया गावोगाव आहेत. पण तो विषय वेगळा.)

आता पैशाचं. इथं नीट वाचा, कारण एजंट हे सांगत नाही.

अमेरिकेत ऑप्टिक्सची नावाजलेली केंद्रं मोजकी आहेत. रोचेस्टरचं इन्स्टिट्यूट १९२९चं, टुसॉनला अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं केंद्र १९६४ला सुरू झालं, फ्लोरिडात क्रिओल आहे. तिथं पीएचडीला प्रवेश मिळाला तर साधारणपणे फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं, बदल्यात शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं. मास्टर्सला मात्र बहुतेक वेळा सगळा खर्च आपला. म्हणजे पीएचडी त्यांच्या पैशानं, मास्टर्स आपल्या शेतीवर. एजंटाच्या कागदावर फक्त मास्टर्स होतं. का, ते ओळखा. पीएचडीला पाठवून त्याला कमिशन कोण देणार?

दुसरी गोष्ट, अमेरिकेत ऑप्टिक्सच्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा संरक्षणाशी जोडलेला आहे. क्षेपणास्त्राचा डोळा, रात्री दिसणारा कॅमेरा, उपग्रह. तिथं नागरिकत्व लागतं, आपल्या पोरीला दारातूनच परत पाठवतील. उरलेल्यांसाठी शिकून झाल्यावर तीन वर्षांपर्यंत काम करायची मुभा, त्यानंतर व्हिसाची लॉटरी. त्यातच सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरची फी जाहीर केली. ती कोणाला लागू आणि कोणाला नाही याचा तेव्हा घोळ सुरू होता. अशा वेळी साडेतीन एकर ओलीत तारण ठेवणं याला मी जुगार म्हणतो, आणि तसं तोंडावर म्हणालो.

जर्मनीत येना नावाचं गाव आहे. गाव म्हणजे लाखभर वस्तीचं शहर. १८४६ला कार्ल झाइसनं तिथं सूक्ष्मदर्शकाचं छोटं वर्कशॉप टाकलं, पुढं अ‍ॅबे नावाचा प्राध्यापक आणि शॉट नावाचा काचवाला त्याला मिळाला, आणि त्या आडगावातून जगाचं ऑप्टिक्स उभं राहिलं. तिथल्या विद्यापीठात इंग्रजीतून फोटॉनिक्सचं एमएस्सी आहे आणि सरकारी विद्यापीठ असल्यानं फी जवळपास नाहीच. पण राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. आपले बारा लाखांच्या घरात. चाळीसपेक्षा बरे, पण भाऊजींसाठी तेही चंद्रावरचेच.

मग देशातलं पाहिलं. आणि खरं सांगतो, इथं मला बरं वाटलं. फिजिक्सच्या एमएस्सीवर गेट परीक्षा दिली तर आयआयटी दिल्लीला अप्लाइड ऑप्टिक्सचं एमटेक आहे. तिरुवनंतपुरमला इस्रोच्या अंतराळ संस्थेत ऑप्टिकल इंजिनिअरिंग आहे. कोचीच्या विद्यापीठात फोटॉनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, कोलकात्यात आहे, पुण्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याच्या डायटमध्ये लेसरचं आहे. गेटवर एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. नेट-जेआरएफ निघालं आणि पीएचडीला गेली तर ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. भाऊजींनी हा आकडा मला तीनदा विचारला. "म्हणजे शिकाचे पैसे तेच देतेत?" हो, तेच देतात. बापाची शेती न विकता मुलगी शास्त्रज्ञ होऊ शकते, हे त्यांना कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. वीस वर्षांत माझ्या पानानंही नाही.

तिसरी वाट भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणाची. एमएस्सीवर निवड होते, वर्षभर शिकवतात, नंतर वैज्ञानिक अधिकारी. इंदूरचं केंद्र, जिथं देशातलं लेसरचं मोठं काम चालतं, तेही याच खात्याचं. त्याचे पहिले संचालक होते दिलीप भवाळकर. त्यांनी तिथं लेसर बनवायला घेतले, नुसते विकत आणले नाहीत. संरक्षणात डेहराडूनची आयआरडीई आहे, दुर्बिणी, रणगाड्याची नेमबाजी हे त्यांचं. इस्रोची बंगळुरूची लिओस उपग्रहाचे डोळे बनवते.

सगळं गोड नाही. जागा थोड्या, परीक्षा कठीण, आणि आपली पोरं इंग्रजीत मुलाखत देताना अडखळतात. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. विद्यावेतन कागदावर ३७ हजार असलं तरी ते वेळेवर न आल्याच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या. खासगीत फक्त एमएस्सीवर पगार फार मिळत नाही. ज्याला डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं, ज्याचा हात यंत्रावर बसलेला आहे, त्यालाच विचारतात. पुण्यातल्या एका कंपनीतला ओळखीचा माणूस म्हणाला, "सर्टिफिकेट घेऊन शंभर येतात, आरसा जुळवता येणारा एक येत नाही." मला भाचीचा तो शिबिरातला दिवस आठवला.

आणि ताईचा प्रश्न राहिलाच. ती आतून म्हणाली, "पाच-सहा वर्ष? मंग लग्न कवा कराचं?" भाऊजी गप्प. मीही गप्प. याला माझ्याकडे फोन लावून विचारण्यासारखा प्रोफेसर नाही. भाची मात्र बोलली, शांतपणे. "आई, पैसे मले भेटतीन, तुमच्याकडून काही लागत नाही. मंग घाई कोनाले हाय?" ताई स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली.

गेटचा फॉर्म पोरीनं घरी न सांगता आधीच भरून ठेवला होता, हे त्याच दिवशी कळलं. परीक्षा फेब्रुवारीत. एजंटाचा कागद भाऊजींनी माझ्यासमोर फाडला नाही, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. मी त्यावर काही बोललो नाही. बाप माणूस आहे, एक दार उघडं ठेवतो. निकाल लागेपर्यंत बँकेत जायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

मी माझ्यापुरतं एक ठरवलं. येत्या जूनचं करिअर पान मी स्वतः लिहिणार, जाहिरात आली तरी आणि नाही आली तरी. संपादक काय म्हणतील ते पाहू. आणि ज्या कॉलेजात माझं शिक्षण झालं तिथल्या सरांना भेटून आलो. ते कपाट उघडायला सांगितलं. किल्ली शोधायला दोन दिवस लागले. नळी जुनी झाली होती, पेटली नाही. सर म्हणाले, आता साधा डायोड लेसर पाच-सहाशे रुपयात मिळतो, आरसे आपण जमवू. आम्ही तीन जुने विद्यार्थी मिळून पैसे काढतो आहोत. त्या कॉलेजात शिकलेलं कोणी ही पोस्ट वाचत असेल तर मेसेज करा.

काल भाऊजींचा फोन होता. कपाशीचं बोलले, मजुरांचं बोलले, सीसीआयची खरेदी कधी सुरू होते ते विचारलं. ठेवता ठेवता म्हणाले, "ते हिंगोलीचं तू म्हणत होतास ना, ते बाहेरून तरी पाहू देतेत का? दिवाळीनंतर पोरीले घेऊन जाऊन येतो म्हणतो. गाडी कुठं बदलावं लागते, पुसदले का उमरखेडले?"

मी चौकशी करून सांगतो म्हणालो. त्या मार्गावर एसटीनं जाणारं कोणी असेल तर खाली लिहा.